वाचनालयाच्या खिडक्या आणि सासूबाईंच्या कोंबड्या

सासूबाई लेकीकडे कायमच्या राहायला यायला तयार झाल्या, पण एका अटीवर. कोंबड्या बरोबर येतील. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा.

अट घालायचा त्यांना पुरेपूर हक्क होता, कारण येण्याची निकड त्यांना नव्हती, लेकीला होती. दोन महिन्यांपूर्वी त्या आपल्या घरी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि पाय मुरगळल्यामुळे शेजारीण येईपर्यंत दोन तास तिथेच बसून राहिल्या. लेकीनं हे फोनवर ऐकलं आणि ती रडायलाच लागली. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस कशाला? बरेच दिवस नळ गळत होता. बसल्या बसल्या चपलेच्या रबराचा तुकडा घालून दुरुस्त केला. एरवी कुठे सवड होते?"

त्यांचे जावई सार्वजनिक वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. सगळं गाव त्यांना ग्रंथपालच म्हणायचं आणि त्यांनाही ते आवडायचं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक एकदा सापडला की ती गोष्ट कुठल्या कपाटात ठेवायची याचा प्रश्न राहत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. कोंबड्यांची अट ऐकल्यावर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. घरामागच्या अंगणात पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि एक गंजका पाळणा होता. ते सामान त्यांनी एका रविवारी हलवलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत एक जाडशी काठी आडवी बसवली आणि बायकोला म्हणाले, "चार भिंती, छप्पर, दार. कोंबड्यांना आणखी काय लागतं?"

हे वाक्य त्यांना पुढे बरेच दिवस ऐकवण्यात आलं.

सासूबाई आणि कोंबड्या राहायला आल्या, आणि पंधरा दिवसांत त्या खोलीचं दार सकाळी उघडलं की ग्रंथपालांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. वास असा की नाकाआधी डोळ्यांना कळावा. दुपारी पत्रा तापला की कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत बसायच्या. रोज आठ अंडी मिळायची, ती दोनावर आली. मुंगसांच्या भीतीनं संध्याकाळी दार लावावंच लागे, आणि दार हीच काय ती एक फट. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच बाजूला. चहात आलं घातलंय की नाही हेसुद्धा त्या घरात कळेनासं झालं.

"अहो," बायको हळू आवाजात म्हणाली, "आईला यातलं काही बोलू नका. पण काहीतरी करा. आपल्यामुळे यांना त्रास होतोय असं तिला नुसतं वाटलं ना, तर ती उद्या पिशवी उचलेल आणि चालायला लागेल. आणि परत त्या घरात एकटी राहील."

ते खरंच होतं. सासूबाई पस्तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या आणि शेवटची दहा वर्षं तर तो सगळा धुलाईखाना त्याच चालवायच्या. दुसऱ्याच्या डोक्यावर बसायची त्यांना सवय नव्हती.

तेव्हा कोंबड्यांना वारा द्यायचा, असं ठरलं.

सल्ला मागायला कुठे जावं लागलं नाही. कुंपणाच्या भिंतीपलीकडे पूलवाले काका राहायचे. ते निवृत्त अभियंते होते. आयुष्यात त्यांनी तीन पूल बांधले होते आणि "तिन्ही अजून उभे आहेत" हे ते ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत सांगायचे. त्यांनी भिंतीवरून मान काढून खोली पाहिली, वास घेतला, मान आत घेतली आणि रुमाल नाकाला लावून परत बाहेर काढली.

"आमनेसामने दोन खिडक्या ठोका. इकडून वारा आत, तिकडून बाहेर. यात विचार करण्यासारखं काहीच नाही." एवढं सांगून त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या मागे खोली काढली आणि तिच्यातून आरपार जाणारे सात बाण काढले. बाण इतके ठसठशीत होते की ग्रंथपालांना तो कागद हातात धरल्यावरच जरा गार वाटलं.

आता खिडक्या. योग असा की त्याच महिन्यात वाचनालयाला सरकत्या काचेच्या नव्या खिडक्या बसत होत्या आणि जुन्या काढून सायकलींच्या कट्ट्याशी रचून ठेवल्या होत्या. त्यात दोन मोठ्या सागवानी खिडक्या होत्या, प्रत्येकीला बारा काचा. शिवाय पुस्तकांच्या कपाटांवर, छताखाली असायच्या त्या चार बुटक्या झडपा होत्या. खालच्या अंगाला बिजागरी आणि वरच्या अंगाला साखळी, म्हणजे साखळी सैल केली की झडप आतल्या बाजूला कलायची. अर्थात हे तत्त्वतः. त्या झडपांवर रंगाचे इतके थर बसले होते की ग्रंथपालांनी त्या उघडलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. मोठ्या दोन खिडक्या मात्र त्यांनी सव्वीस वर्षं रोज सकाळी स्वतःच्या हातानं उघडल्या होत्या. त्या भंगारात जाणार हे त्यांना मनातून लागलंच होतं.

पण वाचनालयाची वस्तू घरी न्यायची म्हणजे तिचं निर्लेखन व्हायला हवं. ती वस्तू दप्तरातून कायमची वजा झाल्याचा कागद हवा आणि त्यावर तीन सह्या हव्यात. पहिली अर्जदाराची, दुसरी शिफारस करणाऱ्या ग्रंथपालाची आणि तिसरी अध्यक्षांची. दुसरा एखादा असता तर त्यानं पहिल्या दोन सह्या एका दमात ठोकल्या असत्या. ग्रंथपाल त्यातले नव्हते. त्यांनी सोमवारी अर्जदार म्हणून अर्ज केला. मंगळवारी ग्रंथपाल या नात्यानं तो वाचला, तेव्हा त्यांना कारण मोघम वाटलं. त्यांनी समासात शेरा मारला, "खुलासा व्हावा." बुधवारी खुलासा लिहून आणला. गुरुवारी तो समाधानकारक आढळला. शुक्रवारी कागद अध्यक्षांपुढे गेला. कारणाच्या रकान्यात 'कुक्कुटनिवासाच्या वायुवीजनार्थ' असं लिहिलेलं होतं. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "कुक्कुट म्हणजे आपले जुने सभासद का?"

"नाही. कोंबड्या."

अध्यक्ष, कदाचित हा विषय वाढू नये म्हणून, सही करून मोकळे झाले.

खिडक्या हातगाडीवरून घरी निघाल्या. ग्रंथपाल एका हातानं मोठी खिडकी सांभाळत गाडीच्या बाजूनं चालत होते. भर बाजारातला रस्ता. प्रत्येक दुकानातून एकच प्रश्न आला, "घर बांधताय वाटतं?" खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी प्रत्येकाला खरं सांगितलं. किराणावाला म्हणाला, "आमच्याकडे माणसांनाही नाहीत असल्या खिडक्या." शिंपी म्हणाला, "पडदे लावणार असाल तर आत्ताच माप घेतो." नगरपालिकेच्या फाटकाशी एक गृहस्थ चहा पीत उभे होते. त्यांनी फार आस्थेनं चौकशी केली. खिडक्या कुठे बसणार, भिंत फोडणार की नवी बांधणार, किती बाय किती. इतक्या सुजाण माणसाशी बोलून ग्रंथपालांना बरं वाटलं. त्यांनी पत्ता तर दिलाच, वर घर सापडायला सोपं जावं म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्याची खूणही सांगितली. ते गृहस्थ नगरपालिकेचे बांधकाम निरीक्षक होते, हे नंतर कळलं.

सुतारमामा दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि विचारलं, "किती उंचीवर घेऊ?"

ग्रंथपालांनी बांधकामावरचं एक जाडजूड पुस्तक आणूनच ठेवलं होतं. "खिडकीचा तळ जमिनीपासून तीन फूट."

"ते माणसांसाठी झालं. कोंबडी केवढी असते?"

"नियम तीन फुटांचा आहे."

सुतारमामांनी पेन्सिल कानावरून काढली आणि रेघ मारली. नियमाशी भांडण्यात दिवस जातो आणि मजुरी तेवढीच मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. "आणि या बुटक्या झडपा?"

"त्यांचं बघू नंतर," ग्रंथपाल म्हणाले. बाणांच्या नकाशात झडपा नव्हत्या.

संध्याकाळपर्यंत दोन्ही खिडक्या समोरासमोर बसल्या. पत्र्याची ती खोली एकदम घरंदाज दिसायला लागली. पूलवाले काका भिंतीवरून म्हणाले, "आता कसं!" बायको म्हणाली, "बाई, आपल्या खोलीपेक्षा छान झालीय." सासूबाई येऊन, हात मागे बांधून पाहून गेल्या. "सागवान चांगलं आहे," एवढंच म्हणाल्या. ग्रंथपालांनी ती शाबासकी समजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी कोंबड्यानं युद्ध पुकारलं. सासूबाईंनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं होतं, कारण तो वेळेवर ओरडायचा आणि दिवसभर नुसत्या फेऱ्या मारायचा. साहेबांना काचेत दुसरा कोंबडा दिसला. त्याला त्यांनी चोचीनं ठोकलं. तेवढ्यात शेजारच्या काचेत तिसरा दिसला. एका खिडकीला काचा बारा. दहा वाजेपर्यंत साहेबांचा तुरा रक्तबंबाळ झाला होता आणि शत्रू एकही कमी झाला नव्हता. बायकोनं जुनी चादर आणून काचांवर टाकली. साहेब शांत झाले आणि त्याबरोबर वाराही थांबला.

चादर काढून खिडक्या सताड उघडल्या तर संध्याकाळी नवीनच प्रकार. कोंबड्या झोपायला काठीवर चढल्या. काठी जमिनीपासून सव्वातीन फूट. खिडकी तीन फुटांवर. त्या दिवशी वारा बरा सुटला होता आणि तो पूलवाल्या काकांच्या नकाशाबरहुकूम एका खिडकीतून आत येऊन दुसरीतून बाहेर जात होता. वाटेत अकरा कोंबड्या होत्या. त्यांची पिसं उलटी फिरली, माना आत गेल्या. सकाळी त्यातल्या चार शिंकत होत्या. कोंबडी शिंकते हे ग्रंथपालांना माहीतच नव्हतं. वारा नको म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मग बारा बारा काचांतून ऊन आत शिरलं, आणि वर पत्रा होताच. दुपारी आत पाऊल ठेववेना. कोंबड्या अंगणात येऊन बसल्या आणि काही केल्या आत जाईनात. छताखालची हवा तशीच कोंडलेली, जमिनीवरचा वास तसाच. त्या दिवशी एकही अंडं मिळालं नाही. सगळ्यांत म्हातारी तपकिरी कोंबडी, जी सासूबाईंच्या मागे मागे फिरायची, ती कोपऱ्यात डोळे मिटून बसली आणि दाण्याकडेही बघेना.

"वारा जरा जास्त येतोय," पूलवाले काका विचार करून म्हणाले. "याचा अर्थ माझं गणित बरोबर आहे."

त्याच दिवशी निरीक्षक आले. त्यांनी टेपनं खिडक्या मोजल्या, नियमांची पुस्तिका उघडली आणि खेदानं म्हणाले, "ग्रंथपाल, ज्या बांधकामाला उघडझाप होणारी खिडकी आहे, ती राहण्याची खोली धरली जाते. तुमची ही खोली नोंदलेली नाही."

"मग नोंदवू."

"नोंदवता येईल. पण राहण्याच्या खोलीत पक्षी आणि जनावरं ठेवायला मनाई आहे."

"मग ती राहण्याची खोली नाही असं लिहा."

"मग खिडक्या बुजवाव्या लागतील. राहण्याची खोली नसेल तर खिडक्यांना परवानगी नाही."

"पण खिडक्या बुजवल्या तर कोंबड्या मरतील."

"त्याबद्दल पुस्तिकेत काही नाही," निरीक्षक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली आणि जाता जाता वाचनालयाची पुस्तकं परत करायची राहिल्याबद्दल माफीही मागितली.

ग्रंथपाल अंगणातल्या दगडावर बसले. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांना 'हे या कपाटात बसत नाही' असं सांगितलं होतं. आपल्यालाच कोणी ते सांगेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. बाजारात उद्यापासून काय काय ऐकावं लागेल याची ते मनात यादी करत होते. शिंपी तर पडद्यांचं काय झालं म्हणून विचारणारच.

सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. सकाळी त्यांची कापडी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

"आई, हे काय?" लेकीनं पिशवीचे बंद घट्ट धरले.

"काही नाही. कोंबड्यांना आपल्या जागेची सवय आहे. मलाही आहे. जावईबापूंना उगीच कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला नकोत."

ग्रंथपाल दाढी अर्धी ठेवून बाहेर आले. बरंच काही बोलायचं होतं, आणि ते बोलायची सवय नव्हती. शेवटी ते म्हणाले, "आई, आठ दिवस मुदत आहे. आठ दिवस तरी थांबा. माझं चुकलंय हे मला कळतंय. कुठे चुकलंय ते कळत नाही."

जावई असं बोलतात याची सासूबाईंना कल्पना नसावी. त्यांनी जावयाच्या साबण लावलेल्या गालाकडे पाहिलं.

"एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा."

"तुम्ही आत बसला होतात का कधी?"

"कुठे आत?"

"कोंबड्यांच्या खोलीत."

ग्रंथपाल आत गेले होते, आत उभे राहिले होते, आतून पळतही आले होते. पण आत बसले कधीच नव्हते. पूलवाले काका तर भिंतीच्या अलीकडेही आले नव्हते.

सासूबाईंनी पिशवी उघडली आणि विणकामाच्या लोकरीचा गुंडा काढला. ग्रंथपालांना रजा टाकायला सांगितली आणि दोन तिपाया आत ठेवल्या. मग लोकरीचे हातभर लांबीचे धागे तोडून त्यांनी ठिकठिकाणी बांधले. एक छताखाली, एक काठीला, एक दाराच्या खालच्या फटीशी, दोन कोपऱ्यांत. "आता गप्प बसायचं," त्या म्हणाल्या, "आणि धागे बघायचे."

सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत सासू आणि जावई कोंबड्यांच्या खोलीत शेजारी शेजारी बसून होते. बायकोनं दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा दाराशीच ठेवून गेली. पहिला तास ग्रंथपालांना आपण कोणाच्या दृष्टीस तर पडत नाही ना याचीच काळजी होती. दुसऱ्या तासाला त्यांना धागे दिसायला लागले. काठीचा धागा झेंड्यासारखा आडवा फडफडत होता. छताखालचा धागा हलतच नव्हता, मेल्यासारखा लोंबत होता, आणि तिथे हात नेला तर तव्यावर धरल्यासारखा तापत होता. खालचे धागेही निपचित.

"आमच्या धुलाईखान्यात असंच होतं," सासूबाई म्हणाल्या. "मोठमोठ्या कढया. सगळी वाफ. बायका घेरी येऊन पडायच्या. मोठ्या साहेबांनी पंखे दिले. पंख्यानं काय झालं, वाफ इकडची तिकडे झाली आणि ओल्या अंगावर वारा बसून निम्म्या जणी आजारी पडल्या. मी त्यांना म्हटलं, वाफेला वर जायचंय, तर तिला वर वाट द्या ना. ते म्हणाले, तुम्हाला त्यातलं कळत नाही. मग एक दिवस साहेब रजेवर होते. मी चादरींच्या गठ्ठ्यांवर चढले आणि छताजवळची पाच तावदानं उचकटून काढली. आणि दाराच्या खालच्या दोन फळ्या."

"मग?"

"साहेब आले, त्यांनी चौकशी लावली. चौकशीला आलेले लोक धुलाईखान्यातच बसून राहिले. बाहेर फार उकडत होतं." त्या थांबल्या. "हवा खालून येऊ द्यावी आणि वरून जाऊ द्यावी. कुणाच्या तोंडावर मारू नये. एवढंच आहे त्यात."

ग्रंथपालांनी हवेवरची चांगली जाडजूड पुस्तकं हाताळली होती, त्यांना क्रमांक दिले होते. एकाही पुस्तकानं त्यांना असं पटवलं नव्हतं. आपल्या बायकोची आई कोण आहे, हे लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांनी, कोंबड्यांच्या खोलीत तिपाईवर बसल्यावर त्यांना कळत होतं. त्यांना जरा लाजही वाटली आणि अभिमानही वाटला, आणि अभिमान कशाचा, आपण काय केलं, असंही वाटलं.

"म्हणजे दोन्ही खिडक्या काढून खाली घ्यायच्या," ते उठत म्हणाले. "सुतारमामांना सांगतो. परत भिंत फोडावी लागेल."

"खिडक्या कशाला हलवायच्या? काठी हलवा."

ग्रंथपाल परत खाली बसले.

काठी दीड फुटावर आणली की वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून जाणार. इतकं ते सोपं होतं. पूलवाल्या काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाकिटावरचा नकाशा परत मागून घेतला आणि पाहिला. मग म्हणाले, "काठी माझ्या नकाशात नव्हती." आणि पाकीट घडी घालून खिशात ठेवलं.

सुतारमामा आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना चार वाक्यांत काम सांगितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढलीच नाही, नुसती मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, "हे पहिल्यांदा का नाही बोललात, आजी?"

"पहिल्यांदा मला कुणी विचारलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. ग्रंथपाल तेव्हा चुका शोधण्यात गर्क असल्यासारखे भिंतीकडे पाहत होते.

त्या चार बुटक्या झडपांचा रंग सासूबाईंनी दोन दिवस बसून खरवडला. बिजागऱ्यांत तेल सोडलं. भिंतींच्या माथ्याशी, पत्र्याच्या लगेच खाली, दोन इकडे आणि दोन तिकडे अशा त्या बसल्या. साखळी सैल केली की झडप आत कलायची, बाहेरची हवा पत्र्याकडे वळायची आणि तिथली कोंडलेली तापलेली हवा समोरच्या झडपेतून निघून जायची. पावसाचा थेंब आत यायचा नाही, कारण पत्रा हातभर पुढे होता. दाराची सगळ्यांत खालची फळी काढून तिथे बारीक जाळी ठोकली, मुंगसाला नाही आणि वाऱ्याला हो म्हणणारी. मोठ्या खिडक्यांची दारं सासूबाईंनी उतरवायला लावली आणि चौकटींत जाळी मारली. उतरवलेली दारं चौकटींच्या वर तिरकी बसवून त्यांचा छज्जा केला. काचांना चुना फासला. उजेड गाळून येऊ लागला, आणि साहेबांचे शत्रू एका दुपारीत नाहीसे झाले. साहेब दोन दिवस जरा उदास होते.

लोकरीचे धागे परत बांधले. छताखालचा धागा संथपणे बाहेरच्या बाजूला झुकला होता. खालचा आतल्या बाजूला. काठीचा जागच्या जागी नुसता श्वास घेतल्यासारखा हलत होता. ग्रंथपाल तिपाईवर बसून ते इतका वेळ पाहत राहिले की बायकोला हाक मारायला यावं लागलं.

सहाव्या दिवशी वास गेला. तपकिरी म्हातारी कोपऱ्यातून उठली, सासूबाईंच्या पायाशी आली आणि त्यांच्या चपलेला चोच मारून दाणे मागू लागली. सासूबाई तिच्याशी काहीतरी पुटपुटल्या. ग्रंथपालांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आठव्या दिवशी दुपारी, रणरणत्या उन्हात, निरीक्षक सायकल हाकत आले. शर्ट पाठीला चिकटला होता. ग्रंथपालांनी दार उघडलं.

"साहेबांना आधी बाहेर काढा," सासूबाई आतून म्हणाल्या.

"मी अजून आत आलोच नाही," निरीक्षक म्हणाले.

कोंबडा बाहेर आला, निरीक्षक आत गेले. आत गेल्यावर ते उभे राहिले. मग टोपी काढली. मग दोन तिपायांपैकी एका तिपाईवर बसले. रुमालानं मान पुसली. निरीक्षकांनी वर झडपांकडे पाहिलं, खाली जाळीकडे पाहिलं आणि लोकरीच्या धाग्यांकडे बोट करून हे काय म्हणून विचारलं. सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि पुस्तिका उघडली.

"मोठ्या चौकटी. उघडझाप होते का?"

"दारंच नाहीत," ग्रंथपाल म्हणाले.

"मग ती खिडकी नव्हे, ती जाळी. आता वरच्या झडपा." त्यांनी पानं उलटली. "'उभ्या माणसास ज्यातून बाहेर पाहता येते ती खिडकी.' ग्रंथपाल, जरा उभे राहा."

ग्रंथपाल झडपेखाली उभे राहिले. टाचाही उंचावल्या. झडप त्यांच्या डोक्याच्या वर चांगली वीतभर होती. उंची कमी असल्याचं समाधान त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"काही दिसतंय?"

"पत्रा."

"मग तीही खिडकी नव्हे, झरोका. म्हणजे ही राहण्याची खोली नाही. कोंबड्या ठेवायला हरकत नाही." निरीक्षकांनी मांडीवर कागद ठेवला, पण उठण्याची काही लक्षणं दिसेनात. "आमच्या कचेरीत नकाशे मंजूर करायच्या खोलीत दुपारी बसवत नाही. सहा खिडक्या आहेत. आजी, एकदा येऊन बघाल का?"

"बघीन की. तिपाई लागेल."

निरीक्षक फॉर्म भरू लागले. "बांधकाम कोणी केलं? नाव सांगा."

गेले पंधरा दिवस ग्रंथपालांनी या खोलीपायी बाजारात जे ऐकून घेतलं होतं त्याची भरपाई या एका रकान्यात होऊ शकली असती. ते म्हणाले, "सासूबाईंचं लिहा. हे सगळं त्यांचं आहे."

"काहीतरीच," सासूबाई म्हणाल्या. "खिडक्या त्यांनी आणल्या. भिंत त्यांनी फोडली. आणि चार तास माझ्या शेजारी बसून धागे बघितले. इतकी वर्षं मी साहेब लोक पाहिले, एकही कधी बसला नव्हता. त्यांचं लिहा."

"आई, तुमचं."

"तुमचं हो, जावईबापू."

"दोघांचं लिहितो," निरीक्षक म्हणाले. "जागा आहे." त्यांनी ग्रंथपालांचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग खालच्या ओळीत सासूबाईंचं नाव लिहिलं आणि पेन उचललं. "आजी, तुमचा पत्ता?"

बायको सरबताचे पेले घेऊन दाराशी आली होती, ती तिथेच थांबली. ग्रंथपाल पायाखालच्या भुशाकडे पाहू लागले. निरीक्षकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ते पेन धरून वाट पाहत होते.

सासूबाईंनी काठीवरच्या कोंबड्या एकदा मोजल्या. मग म्हणाल्या, "हाच. हाच लिहा."

निरीक्षकांनी त्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं आणि कागद पुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावला, तो शब्द नीट वाचला आणि त्याखाली ठळक सही केली.